डाव्या बाहीचे टाके

मुलगी : हे काय आहे?

बाबा : कोट.

मुलगी : कोट आहे ते दिसतंय मला. बाबा, काल संध्याकाळी पाचला मी इथून गेले, तेव्हा या कोटाला बाह्या नव्हत्या.

बाबा : बरोबर. आता आहेत.

मुलगी : का आहेत?

बाबा : कोटाला बाह्या असतात. नसल्या तर त्याला बंडी म्हणतात.

मुलगी : आई! आई, बाहेर ये आधी!

आई : आले गं, आले. काय आरडाओरडा लावलायस सकाळी नऊला? चहा ठेवलाय मी गॅसवर. काय झालं, कॅमेरा पडला का?

मुलगी : कॅमेरा शाबूत आहे. फिल्म गेली. हे बघ. बाह्या!

आई : छान बसल्यात की.

मुलगी : छान बसल्यात? चार दिवस मी या खोलीत तीन पायांवर कॅमेरा उभा करून बसलेय. कापडावर खडू फिरला तिथपासून खांदे जोडले तिथपर्यंत एक एक गोष्ट टिपली. आज फक्त बाह्या राहिल्या होत्या. अख्खी फिल्म त्या बाह्यांसाठी आहे! मी कोटावर चिठ्ठी टाचून गेले होते, 'हात लावू नये' म्हणून. कुठाय ती?

बाबा : टाचणी डबीत आहे. चांगली टाचणी होती.

मुलगी : आणि चिठ्ठी?

आई : ती होय? तिच्या पाठीमागं मी गॅसवाल्याचा नंबर लिहून घेतला.

मुलगी : धन्य आहे. आणि इथं जमिनीवर खडूच्या तीन फुल्या होत्या. कॅमेऱ्याचे पाय नेमके त्याच जागी यावेत म्हणून.

आई : त्या पुसल्या मी. मला वाटलं, ह्यांचा खडू सांडला.

मुलगी : तीन सारख्या फुल्या सांडतात का आई?

आई : अगं, ह्या घरात चाळीस वर्षं खडू सांडतोय. मी काय दर वेळी वाकून बघायचं, नक्षी कुठली आणि पसारा कुठला?

मुलगी : हे असं आहे. पदवी झाली, चांगली नोकरी झाली, ती सोडली, दोन वर्षांपूर्वी पुन्हा फिल्म शिकायला बसले. सगळे म्हणाले, वेडी आहेस. तिथं पुस्तकं नाहीत, परीक्षा नाहीत, सगळं करून दाखवायचं असतं. आणि करायला घेतलं की माझी माती कोण करतं? तर घरचे!

बाबा : परीक्षा नाही म्हणतेस, मग रडतेस कशाला?

मुलगी : बाबा, फिल्म हीच परीक्षा असते. किती वेळा सांगू? तीन छोट्या फिल्म करायच्या. त्या बघून ठरवतात, शेवटच्या वर्षी कोणाला स्वतःची मोठी फिल्म करू द्यायची आणि कोणी दुसऱ्यांच्या फिल्मच्या खुर्च्या उचलायच्या. पहिलीला सर म्हणाले, चित्रं सुरेख आहेत, पण माणूस कुठाय? दुसरीत माणूस घातला. तर म्हणाले, तू त्याच्याकडे बघतच नाहीयेस, स्वतःकडे बघतेयस. ही तिसरी. आज पाचला कॅमेरा परत द्यायचा. हिच्यानंतर चौथी नाही.

आई : मग आता जे आहे ते दाखव की. आधी बिनबाह्यांचा कोट, नंतर बाह्यांचा. लोकांना कळत नाही का मधे काय झालं ते?

मुलगी : नियमच तो आहे. एक माणूस, एक काम, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. मुलाखत नाही, संगीत नाही, मागून माझं बोलणं नाही. फक्त काम. आणि मी वर्गात सगळ्यांसमोर काय सांगितलंय? की माझे बाबा बाही बसवतात तशी कुणाला येत नाही. सगळे वाट बघतायत त्या बाहीची. तिथं मी काय दाखवू? जादू?

बाबा : असं वर्गात सांगायची काय गरज होती?

मुलगी : खरं आहे म्हणून सांगितलं.

आई : चहा आणते मी.

मुलगी : चहा नकोय. आई, तू कुठं जाऊ नकोस. प्रत्येक वेळी महत्त्वाचं बोलणं निघालं की तुझा चहा निघतो. बाबा, एक उपाय आहे. एकच बाही उसवा. डावी. मी पुन्हा कॅमेरा लावते, तुम्ही पुन्हा बसवा. दोन तासांचं काम.

बाबा : नाही.

मुलगी : दीड तास. मी मधे एक शब्द बोलणार नाही.

बाबा : बसलेली बाही मी उसवत नाही. एकदा सुई गेली की कापडाला भोक राहतं. दुसऱ्यांदा टीप मारली की तिथं कापड हिरमुसतं. उजेडात दिसतं ते. गिऱ्हाईक संध्याकाळी सहाला येणार आहे.

मुलगी : गिऱ्हाईक आतून उजेडात धरून बघणार आहे का कोट?

बाबा : मला माहीत असतं ना. आणि तुझे ते सरच म्हणतात ना, मुद्दाम घडवून आणायचं नाही, जे घडतं तेच टिपायचं? मग हे काय? शिवलेलं उसवायचं, उसवलेलं शिवायचं, आणि म्हणायचं खरं आहे.

मुलगी : आता सरांचे नियम तुम्ही मला शिकवा! आधीच काल त्यांच्याशी भांडून आलेय.

आई : का गं? सरांशी कसलं भांडायचं?

मुलगी : चार दिवसांचं काम दाखवायला नेलं होतं. बघता बघता म्हणाले, जवळून घेतलेल्या शॉट्समध्ये तुझा कॅमेरा हलतोय. मी म्हटलं, हलेल कसा, तीन पायांवर घट्ट बसवलेला होता, मी हातही लावला नाही. ते म्हणाले, हलतोय. मी म्हटलं, नाही हलत. अर्धा तास. शेवटी म्हणाले, दुसऱ्या वर्षाला आलीस, अजून कॅमेरा स्थिर ठेवता येत नाही, आणि तोंड वर करून वाद घालतेस. सगळ्या वर्गासमोर.

बाबा : तुझ्या कॅमेऱ्याचा दोष काढला?

मुलगी : कॅमेऱ्याचा नाही, माझा. माझ्या हाताचा.

बाबा : हं.

मुलगी : हं काय? उसवताय ना?

बाबा : नाही म्हटलं ना एकदा.

मुलगी : ठीक आहे. मग मी उसवते.

आई : अगं बाई!

बाबा : कातर ठेव खाली.

मुलगी : शिंप्याची मुलगी आहे मी. उसवता तर येतंच.

बाबा : कातर ठेव म्हणतो ना! ती कापडाची आहे, दोऱ्याची नाही. आणि अस्तर आधी सोडवावं लागतं, नाहीतर बाहीचा मुंढा फाटेल.

मुलगी : मग आधी अस्तर सोडवते. कोट उलटा करते, हे बघा. खांद्यापासून सुरू करायचं ना? अस्तर इथं मुंढ्याला हातानं टाचलेलं असतं, तो दोरा... तो दोरा...

आई : काय झालं? बोट कापलं का? दाखव.

मुलगी : बाबा, हे अस्तर कुणी टाचलंय?

बाबा : ह्या दुकानात शिंपी किती आहेत?

मुलगी : तेच विचारतेय. चार दिवस मी भिंगातून तुमचे टाके बघतेय. एवढा मोठा टाका, पडदाभर. डोळे मिटले तरी तेच दिसतात. कॉलरखाली, खिशाला, छातीच्या आतल्या कापडाला, तुमचा प्रत्येक टाका उजवीकडे झुकतो. शेकडो बघितले मी. एकही दुसरीकडे गेला नाही. आणि हे बघा. हे सगळे डावीकडे झुकलेत. ह्या बाहीचे डावीकडे. त्या बाहीचेही डावीकडे.

बाबा : प्रकाश तसा पडलाय.

मुलगी : प्रकाशाचं मला नका सांगू, त्याचीच फी भरतेय मी. आई.

आई : गॅस चालू राहिलाय बहुतेक.

मुलगी : आई, तू पळी कुठल्या हातानं धरतेस?

आई : हे काय भलतंच! पळी काय, लाटणं काय, हाताला येईल तशी धरतं माणूस. सकाळी सकाळी काय ही उलटतपासणी...

बाबा : डाव्या. सांग ना तिला, डाव्या. आता काय लपवायचं? तिनं टाका ओळखला.

मुलगी : काल संध्याकाळी मी गेल्यावर तू बसवल्यास ह्या?

आई : तू म्हणालीस, काम दाखवून रात्री मैत्रिणीकडे राहीन, सकाळी नऊला येईन. म्हटलं, तेवढ्यात उरकून टाकू. तू आलीस की म्हणायचं, ह्यांना राहवलं नाही, अर्धं काम बघवत नाही त्यांना. रागावशील, फणफणशील, दुपारपर्यंत शांत होशील. असं ठरलं होतं आमचं.

मुलगी : तुमचं ठरलं होतं! वा. आणि का?

आई : आता तुम्ही सांगा.

बाबा : कापताना हात टेबलावर टेकतो. खिसा, कॉलर, सगळं टेबलावर होतं, कसंबसं. बाही टेबलावर बसत नाही. कोट डाव्या मुठीवर उचलून धरायचा, हवेत, आणि उजव्यानं कच्चा टाका घालत मुंढा फिरवायचा. हवेत हात थांबत नाही माझा.

मुलगी : थांबत नाही म्हणजे?

बाबा : म्हणजे थांबत नाही. हा बघ.

मुलगी : ...कधीपासून?

बाबा : तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतो, वय आहे, गोळी घ्या. गोळी घेतली की झोप येते. झोपेत कोट कसा शिवू?

मुलगी : तीन वर्षं बाह्या आई बसवतेय?

आई : सगळ्या कुठं? शर्टाच्या हेच करतात. फक्त कोटाच्या.

मुलगी : तीन वर्षं! मी ह्याच घरात राहते! ह्याच खोलीतून ये-जा करते! आणि मला...

आई : तू कानाला ते मोठं यंत्र लावून ये-जा करतेस, बयो. परवा मी जिन्यात तुला तीन हाका मारल्या, तू म्हणालीस, शांत, मी पायऱ्यांचा आवाज घेतेय.

मुलगी : थांब. माझ्या मुलाखतीचा कोट. निळा. दोन वर्षांपूर्वीचा.

आई : त्याचा उजवा खांदा जरा उतरला होता. तेव्हा नवीन होते मी. तू घाईघाईनं घातलास आणि पळालीस, दुरुस्त करायचा राहूनच गेला.

मुलगी : आई, मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, तुला फिल्म कशाला करायची आहे? मी तो कोट दाखवला. बाहीवरून हात फिरवून दहा मिनिटं बोलले. माझ्या बाबांचे हात, बाबांची बाही. त्यावर प्रवेश मिळालाय मला!

आई : मिळाला ना पण?

मुलगी : आई, प्लीज, हसू नकोस.

आई : हसू नको तर काय करू? मी आत बसून कोटाला खांदा देतेय, हे बाहेर बसून खांदा उडवतायत, आणि तू तिथं जाऊन त्या खांद्यावर भाषण देतेयस. तिघंही आपण शहाणे.

बाबा : मी खांदा उडवत नव्हतो. दुकानाची पाटी उतरवून ठेवायला निघालो होतो. हिनं ठेवू दिली नाही.

आई : गिऱ्हाईक पाटी बघून येतं. आत कोण बसलंय ते कशाला बघतंय? त्याच्या अंगाला कोट बसला म्हणजे झालं. आणि मी काय परकी आहे? चाळीस वर्षं काज करतेय, बटणं लावतेय, समोर हे बाही बसवतायत, मी बघतेय. बघून बघून आलं. मला कुठल्या सरांनी नाही शिकवलं.

मुलगी : मग मला का नाही सांगितलंत? मला!

बाबा : तुला कसं सांगणार? तू कॅमेरा घेऊनच आलीस. दारातच म्हणालीस, बाबा, तुमच्या हातांवर फिल्म करायचीय. नाही कसं म्हणायचं? म्हटलं, बाहीपर्यंत निभावू, पुढचं पुढं.

मुलगी : आणि कॅमेरा... बाबा. सर म्हणाले ते. थांबा, मला एक शॉट बघू द्या. खिशाला टाके घालतानाचा. ह्या छोट्या पडद्यावर. हां. हे बघा, टेबलाची कड. ती हलतेय का?

आई : नाही गं. दगडासारखी आहे.

मुलगी : आणि सुई?

आई : सुई हलतेय गं.

मुलगी : कॅमेरा हलत नव्हता. सरांना दिसलं. मला दिसलं नाही. चार दिवस मी टाके बघत बसले आणि हात बघितलाच नाही. दुसऱ्या फिल्मला म्हणाले होते तेच झालं. मी बघतच नाहीये.

बाबा : बस झालं. कोट दे इकडे. असा चुरगाळून धरतात का? तुझं ते काम आज नाही होत, असं सांग त्यांना. एक वर्ष खुर्च्या उचल. खुर्च्या उचलून कुणी मरत नाही.

आई : असं काय बोलता? पोरीचं वर्ष आहे.

बाबा : मग माझी पाटी आहे.

आई : पाटी, पाटी! त्या पाटीवर रंग मीच देते दर दोन वर्षांनी!

मुलगी : भांडू नका. बाबा, तुम्ही नाही म्हणालात तर नाही. मी कॅमेरा पेटीत भरते. खरंच. तुम्हाला पडद्यावर उघडं नाही पाडायचं मला. बाबा? काय बघताय?

बाबा : काही नाही. मागं भरलीय.

मुलगी : काय भरलीय?

बाबा : डावी बाही. इथं, मागच्या अंगाला. अंगठा फिरव. लागतं का काही?

मुलगी : नाही.

बाबा : नाही लागणार. हिला लागेल.

आई : घाईत झालं. म्हटलं होतं मी तुम्हाला, मागं कापड दोन सुतं, पाव इंच, जास्त गेलंय. तुम्ही म्हणालात, चालेल.

बाबा : म्हणालो खरा.

आई : उभ्या जन्मात पहिल्यांदा चालेल म्हणालात. मलाच धस्स झालं.

बाबा : नाही चालत. हात पुढं केला की पाठीला चुणी पडेल. तो माणूस दिवसभर लिहितो. हात पुढंच असतो त्याचा. डावी उसव.

आई : मघाशी काय म्हणत होतात? बसलेली बाही मी उसवत नाही!

बाबा : मघाशी ती फिल्मसाठी उसवायची होती. आता कोटासाठी उसवायचीय.

मुलगी : बाबा.

बाबा : काय?

मुलगी : काही नाही. पेटी भरते मी.

बाबा : एक सांग. त्या सरांना तू काय सांगणार? कॅमेरा का हलत होता म्हणून?

मुलगी : सांगेन, माझी चूक झाली.

बाबा : पण तुझी चूक नव्हती.

मुलगी : मग काय सांगू? माझ्या बाबांचा हात...

बाबा : आमच्या धंद्यात एक असतं. कापड आटलं तर शिंप्यानं कापडाचं नाव घ्यायचं. सुई बोथट असली तर सुईचं. पण आपल्या हाताचा दोष दुसऱ्याच्या हातावर ढकलायचा नाही. चार लोकांत तर नाहीच. लाव कॅमेरा.

मुलगी : बाबा, गिऱ्हाइकांना कळेल.

बाबा : तुझ्या वर्गातली पोरं कोट शिवतात का माझ्याकडे? गुडघ्यावर फाटलेल्या पँटी घालतात. लाव म्हणतो ना.

आई : आणि मी? मला कुणी विचारलं? मी नाही बसणार त्याच्यासमोर. केस बघ माझे. हा गाऊन बघ. हा काय सिनेमात जायचा गाऊन आहे?

मुलगी : आई, केसांना हात लावू नकोस! गाऊन बदलू नकोस! जशी आहेस तशी बस. प्लीज. आत्ता जिथं रोज बसतेस तिथं.

आई : मी रोज आत बसते. पडद्याच्या आत.

बाबा : आज बाहेर बस. उजेड इथं आहे. ही घे दोऱ्याची कातर.

मुलगी : एक मिनिट, एक मिनिट. फुल्या कुठं होत्या? गेल्या त्या फुल्या. असू दे. इथं ठेवते. इथून दोघं येताय. बाबा, जरा तिच्याकडे सरका.

बाबा : मला कशाला घेतेस? काम ही करणार आहे.

मुलगी : तुम्ही रोज कुठं असता ती करताना?

बाबा : आतच. तिच्या शेजारी.

मुलगी : मग शेजारीच बसा. चालू केलाय. आई, कॅमेऱ्याकडे बघू नकोस.

आई : मग तो माझ्याकडे का बघतोय?

मुलगी : आई!

आई : बरं, बरं. ही उसवली बघा. अस्तर सुटलं. टीप किती सोडू?

बाबा : खांद्याच्या शिवणीपासून खाली, मागच्या खुणेपर्यंत. पुढची राहू दे, पुढची झकास आहे.

मुलगी : मधे बोलू नका ना, तो नियम...

बाबा : न बोलता कशी बसवणार?

मुलगी : म्हणजे?

बाबा : डोळे आणि हात तिचे. अंदाज माझा. मी सांगितल्याशिवाय तिला सूत कळत नाही आणि ती धरल्याशिवाय मला दाखवता येत नाही. असंच चालतं. गप्प बसून पाहिजे तर दुसरा शिंपी बघ.

मुलगी : नको. बोला. बोला तुम्ही.

आई : धरू का मुठीवर?

बाबा : धर. अजून वर. कोपर टेकव ना टेबलाला, दमशील. आता बाही आपली आपण लोंबू दे. ओढू नकोस. हां. बघ कुठं पडतेय.

आई : मागं पडतेय.

बाबा : मग एक सूत पुढं घे.

आई : एक?

बाबा : एकच. तू नेहमी दीड घेतेस.

आई : तुमचा एक माझा दीड असतो. आता?

बाबा : माझा हात ने तिथं.

आई : हा. इथं. लागतंय?

बाबा : भरलेलं गेलं. आता अर्धं सूत मागं.

आई : आत्ताच पुढं म्हणालात!

बाबा : पुढं म्हणालो तेव्हा भरलेलं होतं. आता पोकळ झालं. घाल टाका. कच्चा घाल. दुसरा. तिसरा जवळ. श्वास सोड गं, श्वास धरून काय टाके घालतेस?

आई : ती बघतेय ना.

बाबा : बघू दे. तिचं काम आहे ते. चौथा. हां. आता हलव कोट. सोड. आता बाही कशी पडली?

आई : सरळ.

बाबा : सरळ नाही. जरा पुढं. माणूस उभा राहतो तेव्हा त्याचा हात जरा पुढंच असतो. सरळ फक्त खुंटीला लटकवलेल्या कोटाचा असतो.

आई : हे दर वेळी सांगतात.

बाबा : दर वेळी सरळ म्हणतेस म्हणून. घे मशीनवर. मी चाक धरतो, तू हळू पायडल मार.

मुलगी : ...झालं? बाबा, झालं?

बाबा : टीप झाली. अस्तर टाचलं की झालं. ते ती करेल निवांत, डाव्या हातानं.

मुलगी : ते पण घेते. एक एक टाका घेते. आई, तू कर सावकाश. आणि ते झालं ना, की मला अजून एक गोष्ट हवीय. एक मिनिट कुणी बोलायचं नाही.

आई : आता काय राहिलं?

मुलगी : खोलीचा आवाज. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. फिल्म जोडताना दोन तुकड्यांच्या मधे तीच भरावी लागते, नाहीतर शिवण कळते.

बाबा : म्हणजे अस्तर.

मुलगी : हो. अस्तरच.

आई : घ्या, झालं माझं. हा शेवटचा टाका. आता गप्प?

मुलगी : आता गप्प. हलायचंही नाही. एक मिनिट.

(एक मिनिट कुणीच बोलत नाही. आतल्या खोलीत नळ ठिबकत राहतो.)

मुलगी : झालं.

आई : अगं बाई, चहाचं भांडं! नऊपासून गॅसवर आहे.

मुलगी : कॅमेरा लावतानाच बंद केला मी, आई, आवाज येत होता त्याचा. बस तू.

बाबा : ते सहाला येणारं गिऱ्हाईक.

आई : त्याचं काय? होईल कोट, नुसती इस्त्री राहिलीय.

बाबा : मागच्या वर्षी राखाडी कोट न्यायला आलं होतं. घालून बघितला, हात वर केले, पुढं केले. म्हणालं, मास्तर, ह्या दोन-तीन वर्षांत तुमचा हात आणखीच बसलाय. बाही अंगावर आहे हे कळतच नाही.

मुलगी : तुम्ही काय म्हणालात?

बाबा : काय म्हणणार? म्हटलं, असू दे. आणि पिशवीत घालून दिला कोट.

मुलगी : बाबा, माइक अजून चालू आहे.

बाबा : चालू दे. तेव्हाच आत जाऊन हिला सांगायला हवं होतं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, आणि मग... राहिलं ते राहिलंच.

आई : राहिलं नाही काही. ऐकलं होतं मी. तेवढ्यापुरतं आतलं मशीन थांबवलं होतं.